एकाच वायफाय डोंगलला कुणी पाच तारे देतं, कुणी एक: दोघंही खरं बोलत असतात

प्रश्न असा आहे: "मी घरून अकाउंटिंगचं काम करते. डेस्कटॉप आतल्या खोलीत आहे, राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. प्लॅन १०० एमबीपीएसचा. नखाएवढं यूएसबी वायफाय डोंगल ३९९ रुपयांना ऑनलाइन मागवलं, पाकिटावर १५० एमबीपीएस लिहिलंय. त्याच खोलीत मोबाइलला ७०-८० मिळतात, कम्प्युटरला मात्र ८-९. शिवाय अर्ध्या-पाऊण तासाने नेट तुटतं. घेण्याआधी ग्राहकांचे अनुभव वाचले होते. निम्मे म्हणतात 'झकास', निम्मे म्हणतात 'पैसे पाण्यात'. परत करायची मुदत चार दिवसांत संपते. परत करून महागातलं घेऊ, की दोष माझ्या कम्प्युटरचा आहे?"

ताई, लगेच परत पाठवू नका आणि लगेच महागातलंही मागवू नका. चार दिवस पुष्कळ झाले, तपासणीला एक संध्याकाळ पुरते.

सांगलीत कम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं काम करतोय त्याला १८ वर्षं झाली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा तर दिवसभर हेच काम होतं. घरातला जुना डेस्कटॉप काढायचा, पुसायचा आणि त्याला वायफाय जोडून द्यायचा. माल मिळत नव्हता, जे हाती लागेल ते लोक घेत होते. त्या काळात एकाच खोक्यातली, एकाच बनावटीची २० डोंगल मी २० घरांत बसवली. काही घरांतून "दादा, एकदम मस्त चाललंय" असे फोन आले, काही घरांतून रोज तक्रार. माल तोच होता. तेव्हापासून माझं पक्कं मत झालं आहे की डोंगलचा अनुभव म्हणजे निम्मा अनुभव त्या घराचा असतो: डोंगल कुठे खोचलंय, राउटर कसा लावलाय, मध्ये काय आहे. त्यामुळे तुमच्या घरात नेमकं काय घडतंय ते आधी पाहू.

पहिला प्रश्न मी गिऱ्हाइकाला फोनवर विचारतो तो हाच: डोंगल कॅबिनेटच्या मागे लावलंय का? दहातले आठ जण हो म्हणतात. तुमचंही तसंच असेल तर ते चित्र डोळ्यांसमोर आणा. कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीकडे. मागे पत्रा, पत्र्याला चिकटून डोंगल, वरून मॉनिटरच्या आणि पॉवरच्या केबलींचा गुंता. वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडपैकी (पट्ट्यांपैकी) तुमचं डोंगल वापरतं त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. साध्या चांगल्या अँटेनाला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या वर जागा हवी असते. नखाएवढ्या डोंगलची पूर्ण लांबीच दोन सेंटिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग पोर्टच्या आत. उरलेल्या टोकात सर्किट बोर्डावर नागमोडी काढलेली तांब्याची रेघ ही त्याची अँटेना. ती आधीच तोकडी, त्यात तुम्ही तिला लोखंडी पेटीच्या मागे तोंड लपवून बसवलंय. हॉलमधला राउटर पेटीच्या दुसऱ्या अंगाला असेल तर सिग्नलला भिंतींबरोबर पेटीही ओलांडावी लागते.

म्हणून माझ्या बॅगेत एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल कायम असते. तिचं एक टोक मागच्या पोर्टात, दुसऱ्या टोकाला डोंगल, आणि ते टोक टेबलावर, शक्य असेल तर मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने. विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये एवढं एकच केलं आणि ७ एमबीपीएसचे ३१ झाले. त्या घरच्या काकूंनी दुसरं डोंगल मागवून ठेवलं होतं, ते न उघडता परत गेलं. केबल मात्र बरी घ्या. फार पातळ आणि लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि मग डोंगल मध्येच गायब होतं. एक-दीड मीटरच्या पुढे जाऊ नका. पुढच्या पॅनलच्या पोर्टला लावूनही बघता येतं, पण स्वस्त कॅबिनेटमध्ये पुढच्या पोर्टची आतली वायर इतकी बारीक असते की मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. केबल आजच मिळाली नाही तर निदान कॅबिनेट टेबलाखालून बाहेर ओढून त्याची पाठ दाराकडे करा आणि पुन्हा स्पीड बघा.

आता त्या १५० आकड्याचं. इथे बहुतेक जणांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं मला समजतं. एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं वायफाय ४, म्हणजे जुन्या भाषेत ८०२.११एन, ४० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल मिळालं तर १५० ला जोडतं. अपार्टमेंटमध्ये आजूबाजूला दहा-पंधरा राउटर असतात. अशा गर्दीत राउटर रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणतो, आणि मग जोडणी होते ७२ ला. हा ७२ सुद्धा हवेतला आकडा. वायफायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं, माहितीच्या प्रत्येक तुकड्याची पोच द्यायची असते, चुकलं तर पुन्हा पाठवायचं असतं. त्यामुळे हातात येतात ३५ ते ४५. म्हणजे तुमचं डोंगल अगदी उत्तम चाललं तरी १०० चा प्लॅन ते पूर्ण देऊ शकणार नाही. मोबाइलला ७०-८० मिळतात कारण तो बहुधा ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला आहे. तुमच्या डोंगलला तो बँड दिसतच नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली प्रोटोकॉल, नेटवर्क बँड, चॅनल आणि लिंक स्पीड (डोंगल राउटरला ज्या वेगाने जोडलंय तो) लिहिलेलं असतं. लिंक स्पीड ७२ च्या आसपास असेल आणि स्पीड टेस्टला ३५ येत असतील, तर डोंगल आपलं काम चोख करतंय. लिंक स्पीडच १३ किंवा १९ दाखवत असेल तर सिग्नल पोहोचत नाहीये, जागा बदला. लिंक ७२ आणि टेस्टला ८ आले, तर आसपासच्या लहरींचा गोंगाट किंवा ड्रायव्हरची (डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) भानगड. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धं निदान तिथेच होतं. आणखी एक: स्पीड टेस्टचे आकडे मेगाबिटमध्ये असतात आणि फाइल उतरताना दिसतात ते मेगाबाइटमध्ये. आठाने भागायचं. ४० एमबीपीएसच्या नेटवर फाइल सेकंदाला ५ एमबीनेच उतरणार. "डोंगल फक्त ५ चा स्पीड देतंय" असं लिहून एक तारा दिलेले अनुभव मी कितीतरी वाचलेत.

अर्ध्या-पाऊण तासाने नेट तुटण्याचं कारण वेगळं असू शकतं. तुम्ही चहाला उठता, परत येता आणि नेट गेलेलं असतं, असं होतं का? तसं असेल तर विंडोज वीज वाचवायला डोंगल झोपवतंय आणि डोंगल नीट जागं होत नाहीये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली डोंगलच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे पॉवर मॅनेजमेंटचा टॅब. पहिली ओळ असते ती कम्प्युटरला हे उपकरण बंद करू देण्याची. तिच्यापुढची खूण काढा. मग कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. काही डोंगलना पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नसतो, तेव्हा दुसरी सेटिंग तेवढी करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि "रोज डिस्कनेक्ट होतं" म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी फार मोठा वाटा यातच मिटला आहे.

चालू कामातच तुटत असेल तर मात्र शेजारी काय लावलंय ते बघा. इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमचं कामही त्याच प्रकारचं आहे.

गावभागातलं एका सीएंचं ऑफिस. तिथल्या एका मशीनचं वायफाय रोज संध्याकाळी सहा-साडेसहाला जायचं. दिवसभर ठणठणीत. आधी त्यांनी नेटवाल्याला दोष दिला, मग राउटर बदलला, मग डोंगल बदललं, तरी तेच. मी दोनदा सकाळी जाऊन आलो, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा संध्याकाळी जाऊन नुसता बसून राहिलो. सहा वाजता त्यांच्या मदतनीस मुलीने कपाटातून एक्सटर्नल हार्ड डिस्क काढली, मागच्या निळ्या, म्हणजे वेगवान यूएसबी ३.० च्या पोर्टात खोचली आणि टॅलीचा बॅकअप आणि क्लायंटच्या फाइली कॉपी करायला लावल्या. डोंगल त्याच्या शेजारच्या पोर्टात होतं. कॉपी सुरू झाली आणि राउटरला दिलेल्या पिंगचे, म्हणजे हाक मारून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचे, आकडे २-३ मिलिसेकंदांवरून ४००, ९०० झाले, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. मी कॉपी थांबवायला सांगितलं, पिंग परत ३ वर. पुन्हा सुरू करायला सांगितलं, पुन्हा गेलं. त्या मुलीला वाटलं तिच्याकडूनच काही चूक झाली. तिची काही चूक नव्हती. यूएसबी ३.० चं काम चालू असताना त्याच्या केबलमधून आणि कनेक्टरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. कमकुवत सिग्नल घेणारं डोंगल त्या गोंगाटाच्या दोन सेंटिमीटरवर बसलेलं असेल तर त्याला राउटर ऐकूच येत नाही. डोंगल एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणलं, हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात दिली, त्या दिवसापासून तक्रार नाही. दरम्यान त्यांनी बदललेल्या त्या पहिल्या डोंगलबद्दल ऑफिसमधल्या कुणीतरी ऑनलाइन एक तारा देऊन "संध्याकाळी चालत नाही" असं लिहूनही टाकलं होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? पण लिहिणारा खोटं बोलत नव्हता.

वायरलेस माउस अडखळण्याचं कारणही पुष्कळदा हेच असतं. त्याचा रिसीव्हर आणि वायफाय डोंगल शेजारी-शेजारी ठेवू नका.

आता ग्राहकांचे अनुभव कसे वाचायचे त्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात खरी बोच ती आहे. नखाएवढी जी स्वस्त डोंगल आपल्याकडे खपतात, त्यांचा एक मोठा गिऱ्हाईक वर्ग कम्प्युटरवाला नाहीच. डीडी फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सला यूट्यूब चालवायला, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला, अशा कामांसाठी ती घेतली जातात. अशा पुष्कळ बॉक्सना एमटी७६०१ हीच चिप लागते. ती मिळाली की गिऱ्हाईक खूश, पाच तारे. दुसरी चिप निघाली की "डेड पीस आहे", एक तारा. तुमच्या डेस्कटॉपला या दोन्हींचा काही उपयोग नाही. म्हणून अनुभव वाचताना आधी बघा, माणसाने ते कशाला लावलंय. मग बघा, अंतर आणि भिंती लिहिल्यात का, विंडोज कोणतं ते लिहिलंय का, स्पीडचा आकडा दिलाय का. "डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग छान" हे अनुभव बाजूला ठेवा. मी सगळ्यात जास्त तीन तारेवाले वाचतो. तो माणूस सहसा चिडलेला नसतो, काय जमलं आणि काय नाही ते दोन्ही सांगतो. आणि दोन-तीन महिन्यांनी परत येऊन लिहिलेला अनुभव मिळाला तर तो सोन्यासारखा, कारण गरम होऊन बंद पडणं किंवा विंडोजच्या अपडेटनंतर ड्रायव्हर रुसणं हे पहिल्या आठवड्यात कळत नाही.

विक्रीच्या पानावर पुष्कळदा एकाच ठिकाणी चार प्रकार असतात: नॅनो (म्हणजे तुमच्यासारखं नखाएवढं), एका अँटेनाचं, दोन अँटेनांचं, ब्लूटूथसकट. खाली अनुभव मात्र सगळ्यांचे एकत्र. तुम्ही वाचलेलं "झकास" दोन अँटेनावाल्याचं असेल आणि मागवलेलं नॅनो. प्रत्येक अनुभवाच्या वर बारीक अक्षरांत कोणता प्रकार ते लिहिलेलं असतं, तेवढं तपासा.

तारीखही बघा. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलणं हे या धंद्यात सर्रास चालतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलचं. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. विंडोजवर साधं नेट वापरणाऱ्याला फार फरक पडला नाही, पण विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनी पहिल्या आवृत्तीचे अनुभव वाचून नवीन माल घेतला आणि डोक्याला हात लावला. तुमच्या मशीनवर लिनक्स असतं तर मी चिपचं नाव आधी विचारलं असतं. मीडियाटेकची एमटी७६१२यू असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून, एमटी७९२१एयू असेल तर ५.१८ पासून ड्रायव्हर आतच असतो. रिअलटेकच्या काही चिपना मात्र जुन्या कर्नलवर बाहेरून ड्रायव्हर चढवावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच.

तुमच्या डोंगलची चिप ओळखायची असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडीज. व्हीआयडीपुढे (कंपनीच्या ओळख-क्रमांकापुढे) ०बीडीए असेल तर रिअलटेक, १४८एफ असेल तर रालिंक, म्हणजे आताची मीडियाटेक. मोठ्या कंपन्या तिथे स्वतःचा नंबर घालतात, तेव्हा ती पूर्ण ओळ जशीच्या तशी सर्च करा.

ड्रायव्हरबद्दल माझं कळकळीचं सांगणं आहे. पाकिटात येणारी ती छोटी सीडी विसरा, आजच्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसतो आणि सीडीतला ड्रायव्हर जुनाट असतो. "ड्रायव्हर फ्री" लिहिलेल्या मालात ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात असतो. खोचल्यावर आधी पेन ड्राइव्हसारखी एक डिस्क दिसते, त्यातून सेटअप चालवला की ते वायफाय होतं. पुष्कळ लोक ती डिस्क बघून "चुकीची वस्तू पाठवली" म्हणून परत करतात. पण काही झालं तरी "फ्री ड्रायव्हर अपडेटर" नावाचं कुठलंही सॉफ्टवेअर उतरवू नका. तुमच्या मशीनवर लोकांचे पॅन, बँकेचे स्टेटमेंट, जीएसटीचे पासवर्ड आहेत. ड्रायव्हर घ्यायचा तो विंडोज अपडेटमधून किंवा डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच.

आणि नेटच नसताना ड्रायव्हर कसा उतरवायचा? अँड्रॉइड मोबाइल घरच्या वायफायला जोडा, चार्जिंगच्या केबलने कम्प्युटरला लावा, मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटखाली यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक मोबाइल घरचंच वायफाय केबलमधून कम्प्युटरला देतात, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. ही युक्ती तुम्हाला आज आणखी एका कामाला येईल. टेदरिंग करून डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट लावा. ७०-८० आले तर तुमचा कम्प्युटर निर्दोष आहे, आणि तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर तिथेच मिळालं.

राउटरकडूनही दोन खोड्या होतात, त्या थोडक्यात. मिरजेत एक सर क्लास घेतात. त्यांच्या कम्प्युटरला शेजाऱ्यांची सगळी नेटवर्क दिसायची, स्वतःचं दिसायचं नाही. मोबाइलला मात्र दिसायचं. राउटर आपोआप १३ नंबरच्या चॅनलवर गेला होता. आपल्याकडे १ ते १३ चालतात, पण त्यांचं डोंगल अमेरिकेच्या हिशोबाने बनलेलं, त्याला ११ च्या पुढचं दिसत नव्हतं. राउटरमध्ये चॅनल ६ पक्कं केलं, काम झालं. १, ६ आणि ११ यांतलंच एक निवडावं, ती एकमेकांवर चढत नाहीत. दुसरी खोडी सुरक्षेची: राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुनी डोंगल पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. सुरक्षा पूर्ण काढून मात्र टाकू नका.

आता घ्यायचं काय. तुमच्या खोलीत मोबाइलला ७०-८० मिळतात, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ तिथवर पोहोचतंय असं मी धरून चालतो. मोबाइलच्या वायफाय तपशिलात फ्रिक्वेन्सी बघून खात्री करा. तसं असेल तर केबलने जागा बदलून, वीज वाचवणं बंद करून पाहिल्यावरही ३५-४० तुम्हाला कमी पडत असतील, तर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हींवर चालणारं डोंगल घ्या. पाकिटावर एसी६०० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ २.४ वर १५० किंवा २०० आणि ५ वर ४३३, दोन्हींची बेरीज करून गोल केलेली. एसी१३०० म्हणजे ४०० अधिक ८६७. दोन बँड एका वेळी चालत नाहीत, त्यामुळे बेरजेच्या आकड्याला अर्थ नाही, ५ गिगाहर्ट्झचा आकडा तेवढा बघायचा. १०० च्या प्लॅनला ४३३ वालं पुरून उरतं. ३०० चा प्लॅन असेल तरच ८६७ वालं, आणि तेही यूएसबी ३.० चं. यूएसबी २.० ची स्वतःचीच मर्यादा ४८० आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच खाली. अँटेना बाहेर असलेलं घ्या. मात्र बाहेर अँटेना दिसतेय एवढ्यावर जाऊ नका. एका गिऱ्हाइकाने आणलेलं बिननावाचं डोंगल मी उघडलं तेव्हा आत अँटेनाची वायर बोर्डाला जोडलेलीच नव्हती, प्लॅस्टिकची दांडी नुसती शोभेला. त्या माणसाने "लांब अँटेना, लांब रेंज" वाचून दीडपट पैसे मोजले होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

नवीन डोंगल आलं की राउटरमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या आणि कम्प्युटर ५ वाल्याला जोडा. एकच नाव असेल तर डोंगल सवयीने २.४ ला चिकटून बसतं आणि माणूस म्हणतो, महागातलं घेऊनही फरक नाही.

पण हे सगळं विटांच्या साध्या भिंती असतील तर. गावभागात २०१९ च्या महापुरानंतर पुष्कळ घरांनी राउटर, इन्व्हर्टर, मीटरची जोडणी सगळं वरच्या मजल्यावर हलवलं. कम्प्युटर पुढे काही महिन्यांनी खाली परत आला, राउटर वरच राहिला. मध्ये स्लॅब, लोखंडी सळ्या, आणि जुनं घर असेल तर हातभर जाडीची दगडी भिंत. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झ टिकत नाही, महागडं ड्युअल बँड डोंगल नॅनोपेक्षा वाईट अनुभव देऊ शकतं. तिथे मी डोंगल विकत नाही, सरळ कॅट ६, म्हणजे नेटवर्कची (लॅनची) केबल ओढून देतो. १५-२० मीटरची केबल, दोन्ही टोकांना क्लिप, आणि डेस्कटॉपच्या मागे लॅनचं पोर्ट असतंच. तुम्हाला घरमालक भिंतीच्या कडेने वायर नेऊ देत असतील तर तुमच्यासाठीही मी पहिली पसंती त्यालाच देईन, कारण रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री पोर्टल लटकतं तेव्हा निदान आपल्या घरातली जोडणी पक्की असावी.

परत करायचं ठरलं तर पाकीट, सीडी, बारकोडची पट्टी सगळं जपून ठेवा. स्पीड टेस्टचा आणि प्रॉपर्टीजच्या पानाचा फोटो काढा. परतीचं कारण लिहिताना "काम करत नाही" एवढंच न लिहिता "लिंक स्पीड इतका, प्रत्यक्ष इतका, दर अमुक मिनिटांनी तुटतं" असं लिहा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आज रात्री एवढंच करा: आधी मोबाइलच्या टेदरिंगने कम्प्युटरची परीक्षा, मग डोंगल पत्र्यापासून दूर, मग वीज वाचवण्याच्या त्या दोन सेटिंग्ज. उद्या दिवसभर नेहमीसारखं काम करा, बॅकअपही घ्या, आणि कधी तुटतंय ते घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवा. परवा सकाळी तो कागद बघा. तुटणं थांबलं असेल आणि स्पीड ३० च्या वर असेल, तर ते ३९९ चं डोंगल अकाउंटिंगला पुरेसं आहे, ठेवून द्या. नसेल, तर तुमच्याकडे अजून दोन दिवस आहेत.